शाळाचालकांची संघटना नेमकी कोणत्या शाळांची?

विनाअनुदानित शाळा म्हटली की वातानुकूलित वर्ग आणि लाखांतली फी डोळ्यांसमोर येते. पण महाराष्ट्रात अशा कितीतरी शाळा तालुक्याच्या गावी भाड्याच्या इमारतीत चालतात. कार्यालयात मुख्याध्यापिका आणि एक लिपिक. यू-डायसची माहिती भरा, ‘सरल’ या शासकीय प्रणालीवर मुलांचे आधार जुळवा, मान्यतेचे नूतनीकरण करून घ्या, शिक्षण हक्क कायद्याखालील (आरटीई) प्रतिपूर्तीचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेला पाठवा, सगळे याच दोघांनी करायचे. एक कागद कमी पडला की प्रस्ताव त्रुटी काढून परत येतो. या शाळेला मंत्रालयात एकटीला कोण दाद देणार? संघटना हवी ती तिच्यासाठी.

संघटनांची ताकद मात्र सर्वाधिक दिसली ती न्यायालयात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यातल्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या. राजस्थानातील विनाअनुदानित खासगी शाळांची सोसायटी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. १२ एप्रिल २०१२ रोजी तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी कायदा उचलून धरला. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या वगळल्या. २०१४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही २५ टक्क्यांची तरतूद वैध ठरवली.

महाराष्ट्रात ही लढाई पुन्हा उभी राहिली. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. पालक उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती आली आणि १९ जुलैला तो बदल रद्द झाला, कारण मूळ कायद्यात नसलेली सूट नियमाने देता येत नाही. असोसिएशन ऑफ इंडियन स्कूल्स ही संघटना त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑगस्टमध्ये तिची याचिका फेटाळली गेली. तोवर शाळा सुरू होऊन आठवडे उलटले होते आणि आरटीई प्रवेशाच्या सोडतीत नंबर लागलेली मुले घरीच होती.

करोनाच्या वर्षीचे प्रकरण याच्याशेजारी ठेवून पाहावे. ८ मे २०२० च्या शासन निर्णयाने फीवाढ रोखली, तेव्हा संघटनांनी उच्च न्यायालयात सांगितले की फी ठरवण्याची रीत २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात आहे, ती शासन निर्णयाने मोडता येणार नाही. जूनमध्ये अंतरिम स्थगिती मिळाली. कायद्यापुढे शासनाचा हुकूम चालत नाही, हे तत्त्व २०२० मध्ये शाळांच्या कामी आले आणि २०२४ मध्ये मुलांच्या. ज्या संघटनांनी त्याचा आधार घेतला, त्यांनी दुसऱ्या वेळीही ते मानायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाळांची खरी बळकट बाजू वेगळीच आहे आणि तीही कलम १२ मध्येच आहे. सरकारी शाळेत दर मुलामागे होणारा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली कमी असेल ती रक्कम शासनाने प्रतिपूर्ती म्हणून शाळेला द्यायची. महाराष्ट्रात हा दर १७,६७० रुपये ठरला. ज्या शाळेची फी लाखाच्या घरात आहे, तिच्या जमाखर्चात ही रक्कम किरकोळ. पण वर्षाला १५,००० रुपये फी घेणारी शाळा धरा. दर इयत्तेत आरटीईची १० मुले, म्हणजे पहिली ते आठवी ८० मुले. वर्षाचे १२ लाख रुपये. ते थकले की शिक्षकांचे पगार थकतात, आणि दोन-तीन वर्षे थकले की शाळा कर्जात जाते.

मेस्टा या इंग्रजी शाळाचालकांच्या संघटनेसारख्या संघटना थकबाकीसाठी वर्षानुवर्षे ओरड करत आल्या आहेत. ती रास्त आहे. प्रतिपूर्ती न मिळाल्यास आरटीईचे प्रवेश देणार नाही, असे इशारेही संघटनांकडून आले. ते मला पटत नाहीत. देणे शासनाकडे आहे आणि अडवली जातात ती मुले, तीही सगळ्यांत गरीब घरची. शिवाय अशा इशाऱ्याने पालकांची सहानुभूती जाते, आणि लहान शाळेला तर तिचाच आधार असतो.

प्रत्येक सभासद शाळेची वर्षनिहाय येणे रक्कम, प्रस्ताव कधी पाठवला, कोणत्या टेबलावर अडला, याचा जिल्हावार तक्ता संघटनेने जाहीर करावा. प्रस्ताव बिनचूक भरून देणारा माणूस प्रत्येक तालुक्यात नेमावा. आणि न्यायालयात नामांकित वकील द्यायचेच असतील, तर प्रतिपूर्ती ठरलेल्या मुदतीत मिळावी यासाठी द्यावेत. त्या याचिकेत पहिले नाव तालुक्यातल्या शाळेचे असावे, आणि आरटीईतून शिकणाऱ्या मुलांचे पालक तिच्या बाजूने सहअर्जदार असावेत.