आभाळ भरून आले की चित्र का जाते?
हिंगोली जिल्ह्यातील उपग्रह दूरचित्रवाणी आणि पाऊस

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांत, घर पत्र्याचे असो वा सिमेंटच्या गच्चीचे, त्यावर बसवलेली दोन-अडीच फुटांची डिश, जिला गावोगावी 'छत्री' म्हणतात, आता घराचाच एक भाग होऊन गेली आहे. दूरदर्शनने १६ डिसेंबर २००४ रोजी 'डीडी डायरेक्ट प्लस' ही मासिक शुल्क नसलेली सेवा सुरू केली आणि पुढे 'डीडी फ्री डिश' या नावाने ती रुळली. तिच्यामुळे आणि तिच्या जोडीने आलेल्या खासगी सेवांमुळे, जिथे केबल पोचणे अवघड होते अशा वाड्या-तांड्यांवरही शेकडो वाहिन्यांची वाट मोकळी झाली. या सोयीला एक मर्यादा मात्र जन्मापासूनच चिकटलेली आहे, ती म्हणजे जोराचा पाऊस आला की चित्र अडकते, त्याचे चौकोनी तुकडे होतात आणि अखेर पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही' अशी पाटी येते. यातला निसर्गाचा वाटा किती आणि घरच्या जोडणीतील दोषाचा किती, हे ओळखता आले, तर बराच मनस्ताप आणि दुरुस्तीचा नाहक खर्च वाचतो.

लहरींची वाट

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. या उंचीवरील उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या एका परिवलनाइतक्याच वेळात पूर्ण होत असल्याने तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो, म्हणून त्यास भूस्थिर उपग्रह म्हणतात. फ्री डिशच्या वाहिन्या ज्या 'जीसॅट-१५' उपग्रहावरून येतात, तो ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून प्रक्षेपित झाला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला. हिंगोली शहर सुमारे १९.७ अंश उत्तर अक्षांश व ७७.१ अंश पूर्व रेखांशावर असल्याने, गणिताने पाहता, तेथून हा उपग्रह आग्नेय दिशेला क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येतो. डिशचे तोंड मात्र इतके वर वळलेले दिसत नाही, कारण घरगुती डिशची रचना तिरपी असते आणि वरून येणाऱ्या लहरी ती खालच्या बाजूने पुढे आलेल्या दांडीवरील ग्राहक यंत्राकडे परावर्तित करते. 'एलएनबी' या नावाने बाजारात मिळणारे हे यंत्र क्षीण लहरींचे वर्धन करते आणि तारेतून वाहून नेता येईल इतकी त्यांची वारंवारता खाली आणते.

३६ हजार किलोमीटरांहून अधिक असलेल्या या वाटेवर बहुतेक ठिकाणी निर्वात पोकळीच आहे. अडथळा येतो तो शेवटच्या पाच-सहा किलोमीटरांत, कारण उष्ण कटिबंधात साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत पावसाचे पाणी द्रवरूपात असते आणि त्याच्या वर बहुतांशी हिमकण असतात.

थेंब आणि लहर

घरोघरच्या छोट्या डिशसाठी 'केयू' पट्ट्यातील, म्हणजे सुमारे ११ ते १२.७ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी वापरतात. त्यांची तरंगलांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते, तर मोठ्या सरीतील थेंब पाच मिलिमीटरांपर्यंत जाडीचा असू शकतो. तरंगलांबी आणि थेंबाचा आकार यांतील अंतर जसजसे कमी होते, तसतसा थेंब लहरीची अधिकाधिक ऊर्जा शोषून घेतो आणि उरलेल्या ऊर्जेचा काही अंश भलतीकडे विखुरतो. या क्षयाला पर्जन्यक्षीणन म्हणतात. शिवाय पावसाचा प्रत्येक थेंब स्वतःच्या उष्णतेमुळे अत्यंत मंद रेडिओ लहरी बाहेर टाकत असल्याने, एरवी थंड व शांत असणाऱ्या आकाशातून डिशमध्ये गोंगाटही उतरू लागतो. उपग्रहाचा संकेत दुबळा होणे आणि त्याच वेळी गोंगाट वाढणे, असा हा दुहेरी मार असतो.

लांब लहरींना हा त्रास जवळजवळ होत नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या 'एटीएस-६' उपग्रहाद्वारे 'साइट' हा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग देशातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० गावांत झाला. महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता. पण एकेकाळी मराठवाड्यासह निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या गुलबर्गा व रायचूर या भागांतील गावे त्यात होती. तेथील लहरींची वारंवारता ८६० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर होती, आणि त्या पकडण्यासाठी जाळीची दहा फुटी डिश लागे. पाऊस तिच्या फारसा आड येत नसे. पण एवढी डिश घरोघरी परवडणारी नव्हती. तरंगलांबी आखूड झाली म्हणूनच डिश लहान आणि स्वस्त झाली, आणि पावसापुढची तिची दुर्बलता ही त्या स्वस्ताईची किंमत आहे.

झड वेगळी, वळीव वेगळा

पाऊस एकूण किती पडला यापेक्षा तो किती वेगाने पडला, यावर चित्राचे भवितव्य ठरते. श्रावणातील झड, जी दिवसदिवस रिपरिपत राहते, ती तासाला पाच मिलिमीटर वेगाची धरली, तर संपूर्ण वाटेवर संकेताची शक्ती साधारण पाचव्या भागाने घटते आणि चित्रावर त्याचा परिणामही जाणवत नाही. याउलट मे महिन्यातील वळवाची किंवा परतीच्या पावसाची गडगडाटी सर तासाला ५० मिलिमीटर वेगाने कोसळू लागली, तर प्रत्येक किलोमीटरला सुमारे ४० टक्के शक्ती नष्ट होते आणि अशा सरीतून केवळ तीन किलोमीटर प्रवास झाला, तरी मूळ शक्तीचा पाचवा भागच हाती लागतो. झडीत पाचवा भाग जातो आणि वळवात पाचवा भागच उरतो, एवढा हा फरक आहे. मात्र वळवाचे ढग आडवे काही किलोमीटरच पसरलेले असतात व लवकर पुढे सरकतात. त्यामुळे सेनगावात चित्र गेलेले असताना वसमतला ते स्वच्छ दिसू शकते आणि सेनगावचे चित्रही बहुधा अर्ध्या तासाच्या आत परतते. आग्नेयेकडे काळा ढग चढलेला असेल, तर अंगणात थेंबही पडण्यापूर्वी चित्र अडखळते, तेही लहरी त्याच ढगातून येत असल्यामुळेच.

जुन्या प्रसारणात संकेत क्षीण झाला की पडद्यावर 'मुंग्या' येत, तरी चित्र ओळखू येई. आजचे प्रसारण अंकीय आहे. त्यात चित्राच्या माहितीबरोबर काही जादा अंक पाठवलेले असतात व त्यांच्या आधारे सेट टॉप बॉक्स वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करतो. चुका दुरुस्तीच्या मर्यादेत असतात तोवर चित्र निर्दोष दिसते, मर्यादा ओलांडताच ते एकाएकी कोसळते, आणि म्हणूनच आताआतापर्यंत सुरळीत चाललेला संच अचानक बिघडल्याचा भास होतो.

पाऊस उघडल्यानंतरची परीक्षा

दोष कोणाचा, हे ओळखण्याची सर्वांत खात्रीची वेळ पाऊस उघडल्यानंतरची असते. सर ओसरताच चित्र परतले, तर तो निसर्गाचा भाग समजावा व कोणत्याही दुरुस्तीस हात घालू नये. तासाभरानंतरही ते परतले नाही किंवा साध्या रिपरिपीतही वारंवार जाऊ लागले, तर दोष घरच्या जोडणीत असण्याची शक्यता मोठी असते. दोन फुटांच्या डिशचा दृष्टिकोन जेमतेम तीन अंशांचा असतो, त्यामुळे वादळी वाऱ्याने वा सैल बोल्टमुळे ती दोन अंश जरी हलली, तरी संकेताचा मोठा भाग हातचा जातो. उघडीप असताना उरलेल्या शक्तीवर काम भागते आणि पहिल्याच सरीत हा दोष उघडा पडतो. तारेच्या टोकावरील पिनमध्ये शिरलेले पाणी तांब्याची तार गंजवते. ते टाळण्यासाठी जोडावर जलरोधक टेप गुंडाळावी आणि तारेला जोडाखाली एक झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाते. एलएनबीच्या तोंडावरील झाकणाला तडा गेला असल्यास ते यंत्र बदलणे हाच उपाय आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला झोडपणाऱ्या गारपिटीसारखे संकट आल्यास डिशच्या पत्र्याला पोचे पडतात व लहरी एका बिंदूवर एकवटत नाहीत. समोरच्या कडुलिंबाची वाढलेली फांदी हाही दुर्लक्षित अडथळा आहे, कारण ओली पाने लहरी अडवतात.

डिशची दिशा मृगापूर्वी, कोरड्या दिवशी, बॉक्सच्या पडद्यावरील गुणवत्तेचा आकडा सर्वाधिक येईपर्यंत जुळवून घ्यावी. दोन फुटांऐवजी तीन फुटांची डिश बसवल्यास सव्वादोन पट लहरी गोळा होतात आणि मध्यम सरीत चित्र टिकते. मात्र ढगफुटीसारख्या पावसापुढे तीही हतबल ठरते. डिशवर प्लॅस्टिक पांघरण्याने लाभ होत नाही, उलट त्यावर साचलेला पाण्याचा पापुद्रा अडथळाच वाढवतो.

दोन प्रसंगी मात्र हिंगोलीच्या पावसाचा संबंध नसतो. फ्री डिशच्या वाहिन्या दिल्लीहून उपग्रहाकडे पाठवल्या जातात व त्या चढत्या लहरींनाही पावसाचा त्रास होत असल्याने, तेथील मुसळधार पावसात हिंगोलीच्या निरभ्र आकाशाखालीही क्वचित चित्र जाऊ शकते. दुसरे असे की, मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे त्याच्या गोंगाटात संकेत बुडतो.

विजेपासून जपणे

वळवाच्या सरीबरोबर वीज असते, आणि चित्र परत आणण्यासाठी अशा वेळी गच्चीवर वा पत्र्यावर चढणे जीवघेणे ठरू शकते. गडगडाट ऐकू येताच वीजजोडाबरोबर डिशची तारही बॉक्सपासून सोडवून ठेवावी, कारण जवळपास पडलेल्या विजेचा दाब तारेतूनही घरात शिरतो. नेमक्या याच वेळी हवामानाच्या इशाऱ्याची सर्वाधिक निकड असते आणि नेमकी तेव्हाच दूरचित्रवाणी मुकी होते. म्हणून प्रत्येक घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ असणे अगत्याचे आहे. आकाशवाणीच्या परभणी केंद्रासारखे प्रसारण जमिनीवरील मनोऱ्यावरून, मीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या लांब लहरींवर होत असल्याने कितीही दाट पाऊस त्यांना अडवू शकत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे मोबाइल ॲप परिसरातील विजेची पूर्वसूचना देते. शेतात राबणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यात ते प्रत्येक मोबाइलवर असायला हवे. अर्ध्या तासासाठी गेलेल्या चित्राची फार तर प्रतीक्षा करावी लागते, पण वेळेवर न पोचलेल्या इशाऱ्याची भरपाई होत नाही. त्यामुळे छत्रीच्या डागडुजीइतकीच या पर्यायी साधनांची तयारीही पावसाळ्यापूर्वीच्या कामांत धरली जावी.