माळवदी घरातील ऊब आणि तिची दुरुस्ती

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी व तिच्या आसपासचा प्रदेश हा माळवदी घरांचा प्रदेश होय. तेथे हिवाळ्यात पहाटेचे तापमान पुष्कळदा १५ अंशांखाली उतरते, तर उन्हाळ्यात दुपारी ते ४० अंशांच्या वर जाते. अशा हवामानात दगडमातीचे जुने घर हिवाळ्याच्या रात्री उबदार आणि उन्हाळ्याच्या दुपारी गार राहते. चूल सोडली तर या घरात उष्णतेचे स्वतंत्र साधन नसते. भिंत आणि माळवद हीच त्याची ऊब राखणारी यंत्रणा होय. या यंत्रणेची दुरुस्ती कशी करावी, हा प्रश्न ३० सप्टेंबर १९९३ नंतर जीवनमरणाचा ठरला.

माळवदाची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे व फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर, असा तिचा क्रम असतो. दोन खांबांमधील अंतरास ‘खण’ म्हणतात व घराचे माप खणांनीच सांगितले जाते. छतात धूर जाण्यासाठी व उजेड येण्यासाठी ठेवलेले छिद्र म्हणजे ‘साणे’. माळवदावरची माती शेतातली काळी नसते. काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते; म्हणून गावठाणाची पांढरी माती घेतात. शेतजमिनीस ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणण्याचा जो जुना प्रघात मराठीत आहे, त्यातला मातीचा भेद घराच्या छतावरही असा उपयोगी पडतो.

आता उष्णतेचा व्यापार पाहू. दिवसा माळवदाचा पृष्ठभाग तापतो आणि ती उष्णता लाटेसारखी हळूहळू खाली उतरते. उतरताना तिची तीव्रता घटते व तिला विलंब लागतो. कोरड्या, दाबलेल्या मातीत दर १० सेंटीमीटरांमागे तापमानातील दैनंदिन चढउतार सुमारे एकतृतीयांशावर येतो आणि जवळजवळ चार तासांचा विलंब घडतो. २० सेंटीमीटर खाली हा चढउतार सुमारे एकसप्तमांश उरतो. ३० सेंटीमीटर खाली तर विसावा हिस्साच. दुपारी एक-दोन वाजताची उष्णता २० सेंटीमीटरांच्या थरातून रात्री नऊच्या सुमारास आत पोहोचते. ओलाव्यानुसार हे आकडे बदलतात. परंतु दिवसाची लाट फूटभर मातीत जवळजवळ विरून जाते, हा निष्कर्ष बदलत नाही. फूटभराच्या वर चढवलेली माती या कामी फारशी उपयोगी पडत नाही. ती केवळ भार असते.

मग जुन्या माळवदांवर अर्ध्या मीटरहूनही जाड थर कसे साचले? याचे उत्तर दुरुस्तीच्या रीतीतच आहे. पावसाळ्यापूर्वी, अथवा छत गळू लागले म्हणजे, माळवदावर ‘माती टाकणे’ हीच दुरुस्ती समजली जाई. ती टाकली जाई, पण जुनी काढली जात नसे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या डागडुजीने घर कोरडे राहिले, पण जडही होत गेले. १० सेंटीमीटर माती दर चौरस मीटरला सुमारे १६० किलो भार टाकते. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीवर ६० सेंटीमीटर माती असेल, तर अकरा टनांहून अधिक भार लाकडांवर येतो. २० सेंटीमीटरांना तो चार टनांच्या आत राहतो.

भूकंपात वस्तूवर येणारा जोर तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. त्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास सुमारे ६.२ परिमाणाचा धक्का बसला, तेव्हा लोक झोपेत होते. भिंती दोन थरांच्या होत्या : आतबाहेर ओबडधोबड दगड, मध्ये मातीगोट्यांची भर, आणि दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड बहुधा नाहीतच. थर एकमेकांपासून फुटले, भिंती कोसळल्या आणि हजारो माणसे दगडमातीखाली गाडली गेली. रात्री ऊब देणारे द्रव्यच रात्री काळ ठरले.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. इतर असंख्य गावांत मात्र जुनी घरे दुरुस्त व बळकट करण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. या दुरुस्तीचा क्रम उलट्या दिशेचा आहे. प्रथम लाकडांना टेकू देऊन माती काढावयाची, आणि तीही सर्व बाजूंनी समतोल. मग उघड्या पडलेल्या तुळया तपासून कुजलेल्या बदलावयाच्या व खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरकस आधार बसवावयाचे. फळ्यांवर पाणी न झिरपणारा कागद अंथरून त्यावर पातळ थर उतार राखून पसरावयाचा. पाणी अडवण्याचे काम कागदाने पत्करले, की दरवर्षी माती टाकण्याचे कारण उरत नाही. भिंतीत ठिकठिकाणी दगड काढून आरपार छिद्रे पाडतात व त्यांत लोखंडी सळई घालून काँक्रीट भरतात. त्याने दोन्ही थर एकत्र बांधले जातात.

थर पातळ केल्याने हिवाळ्यात चुलीची ऊब काहीशी लवकर बाहेर जाईल, ही शंका रास्त आहे. परंतु उष्णतेचा असा रोध मुख्यतः पदार्थात कोंडलेल्या हवेमुळे मिळतो. त्यासाठी वजन लागत नाही. मोटारीवर बांधलेल्या फिरत्या घराला वजन परवडत नाही. म्हणून त्याच्या भिंतींत हलका सच्छिद्र पदार्थ भरतात आणि ऊब लहानशा भट्टीने निर्माण करतात. माळवदाखाली हलके अस्तर दिल्यास तोच लाभ होतो. याउलट नुसत्या पत्र्याच्या छतात ना साठवण असते ना रोध. ते दुपारी तापते आणि पहाटे गारठते. भयाने सारी माती टाकून पत्रा घालणे ही सुरक्षितता खरी, पण तीत ऊब हरवते.

सारांश, माळवदाची जाडी ही एकच वस्तू दिसत असली, तरी तीत दोन वेगळे भाग आहेत : उष्णतेचे काम करणारा खालचा वीतभर थर, आणि डागडुजीच्या सवयीने साचलेला वरचा भार. पहिला राखणे व दुसरा उतरवणे, ही या घराची खरी दुरुस्ती होय. ज्या घरांवर आजही जुने थर तसेच आहेत, तेथे पुढच्या पावसाळ्यापूर्वी माती टाकण्याऐवजी काढण्याचाच विचार प्रथम व्हावयास हवा.