पैसे कंपनीचे, हसू कामगाराचं

जुईनगर स्टेशनात दोन लोकलमार्ग एकत्र येतात. एक सीएसएमटीहून वाशी, सानपाडा करत येणारी हार्बर लाइन आणि दुसरी ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे असा पट्टा ओलांडत येणारी ट्रान्स हार्बर. ठाण्याची गाडी पकडली की वाटेत आयटी पार्क, रसायनांचे आणि औषधांचे कारखाने, गोदामं, इंजिनीअरिंगची वर्कशॉप लागतात. पनवेलची पकडली तर तिसरं स्टेशन सीबीडी बेलापूर. तिथे सेक्टर १५ मध्ये नॅशनल सेफ्टी कौन्सिलचं मुख्यालय आहे. महामार्गापलीकडे शिरवण्याची एमआयडीसी तर अगदी उशालाच. कंपन्यांच्या वार्तापत्रांसाठी, गृहपत्रिकांसाठी, सुरक्षा पोस्टरांसाठी मागणीप्रमाणे व्यंगचित्रं काढून देणाऱ्या फ्रीलान्स चित्रकाराने बिऱ्हाड कुठे करावं, असं कुणी विचारलं तर मी बेलाशक जुईनगरचं नाव घेईन. गिऱ्हाईक दोन्ही दिशांना आहे.

वर्तमानपत्रातल्या राजकीय व्यंगचित्रांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दिवाळी अंकांतल्या हास्यचित्रांनाही मानाचं पान मिळालं. कंपनीच्या वार्तापत्रातलं व्यंगचित्र मात्र या दोघांच्या मध्ये कुठेतरी राहून गेलं. ते स्टॉलवर विकत मिळत नाही, त्याची प्रदर्शनं भरत नाहीत, महिना उलटला की ते रद्दीत जातं किंवा ईमेलच्या ढिगात गडप होतं. तरीही ही एक पूर्ण कला आहे, आणि तिची अडचण इतर कुठल्याही व्यंगचित्रापेक्षा वेगळी आहे. इथे पैसे देणारा एक आणि हसणारा दुसरा. बिल कंपनी भरते, पण चित्र पाहतात ते शिफ्ट संपवून कँटीनच्या रांगेत उभे असलेले कामगार, हिशेब खात्यातल्या बायका, गेटवरचे वॉचमन. चित्र पैसे देणाऱ्याच्या बाजूला झुकलं की ती जाहिरात होते आणि हसणारा पाठ फिरवतो. चांगला चित्रकार बिल कंपनीच्या नावाने करतो आणि चित्र कामगारासाठी काढतो.

मागची पिढी

कंपनीच्या कामासाठी काढलेलं चित्र म्हणजे दुय्यम चित्र, असा एक समज आहे. आपल्याकडचाच इतिहास तो खोटा ठरवतो. एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली जन्मला तो जाहिरात फलकासाठी नव्हे, तर विमानात वापरायच्या मेमो पॅडवर छापण्यासाठी. कल्पना बॉबी कूका यांची, रेषा उमेश राव यांची. कागदाच्या कोपऱ्यात बसवलेलं ते चित्र पुढे कंपनीचा चेहरा झालं. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला, कपाळावर केसांची बट आलेला गट्टू काढला. त्याच एशियन पेंट्सचं संशोधन केंद्र आज तुर्भ्याला, जुईनगरच्या पुढच्याच टापूत आहे. १९६६ साली युस्टेस फर्नांडिस यांनी अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी घडवली. पुढे अनेक वर्षं तिला चालू घडामोडींत वावरायला लावणारा हात जयंत राणे यांचा.

या पात्रांत एक समान धागा आहे. यांतलं कुणीही मालकासारखं दिसत नाही. गट्टू खोडकर पोरगा आहे, भिंतीवर रंग सांडेल असा. महाराजा कमरेत वाकलेला आहे. ग्राहकापुढे ताठ उभं राहणारं चित्र कुणालाच आवडत नाही, हे त्या पिढीने ओळखलं होतं.

मराठीत या कामाचे दोन मोठे शिक्षक झाले, आणि दोघांनीही हे धडे वेगळ्याच अंगणात दिले. पहिले शि. द. फडणीस. २९ जुलै १९२५ ला बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेल्या फडणीसांनी शब्दांवाचून हसवण्याची वाट मराठीत रुळवली. बाईच्या साडीवर मांजरांची नक्षी आणि पुरुषाच्या शर्टावर उंदरांची, हे त्यांचं ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठावरचं चित्र पाहिलेल्या माणसाला त्याचा खुलासा कधी करावा लागला नाही. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही त्यांनी चित्रं काढली. अवघड, कोरडा मजकूर आणि त्याला घाबरणारा वाचक यांच्यामध्ये चित्राने कसं उभं राहायचं, याचा तो वस्तुपाठ होता. वार्तापत्राच्या चित्रकारापुढे नेमका हाच प्रश्न असतो. फक्त गणिताच्या जागी त्याच्याकडे गुणवत्ता धोरण किंवा रजेचे नवे नियम येतात.

दुसरे वसंत सरवटे. पेशाने स्थापत्य अभियंता, नोकरी एसीसी सिमेंट कंपनीत. दिवसा कारखान्यांचे आराखडे आणि त्याच हाताने ‘ललित’ मासिकाची मुखपृष्ठं. त्यांच्या चित्रातली माणसं कपड्यांच्या घडीपासून चपलेच्या अंगठ्यापर्यंत खरी असतात. ऑफिसातला माणूस खुर्चीत कसा बसतो आणि साहेब आत आल्यावर कसा बसतो, यांतला फरक नोकरी केलेल्या माणसालाच रेषेत पकडता येतो.

कोळ्याचं चित्र

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं हे पाहायला एक नमुना घेऊ. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन, कारण १९६६ मध्ये त्याच तारखेला नॅशनल सेफ्टी कौन्सिल स्थापन झालं. त्या आठवड्यात कारखान्यांत शपथ होते, घोषवाक्यं होतात, पोस्टर लागतात. फेब्रुवारीत एखाद्या कारखान्याच्या सेफ्टी खात्याचा फोन येतो, असं समजू. वार्तापत्राच्या मार्च अंकासाठी विषय ‘निअर मिस’. म्हणजे अपघात होता होता टळला, कुणाला लागलं नाही, तरी त्याची नोंद व्हायला हवी. वरून पाना पडला आणि माणसापासून दोन हात अंतरावर आदळला, तर तो पुढच्या खेपेला डोक्यावर पडू शकतो. नोंद होत नाही ही कंपनीची तक्रार.

पहिली कल्पना कुणालाही सुचेल अशी असते: तेलावर घसरणारा कामगार. ती कागदावर उतरवून बाजूला ठेवायची, कारण तिच्यात घसरणारा माणूस मूर्ख ठरतो आणि तेल कुणी सांडू दिलं हा प्रश्न चित्राबाहेर राहतो. दुसरी कल्पना: पडणारा पाना पाहून पळणारे तिघे. हालचाल आहे, पण नोंदीचा विषयच नाही.

तिसऱ्या कल्पनेसाठी शॉपफ्लोअरवर जावं लागतं. नोंदीची पेटी कुठे आहे ते पाहावं लागतं. ती टाइम ऑफिसच्या दाराशी, साहेबांच्या खोलीसमोर असेल, तर चिठ्ठी टाकायला कुणी का धजत नाही ते लगेच कळतं. मग चित्र जमतं. भिंतीवर ‘निअर मिस’ची पेटी, तिच्या फटीवर भरगच्च जाळं, आणि जाळ्यात डोक्याला पिवळं हेल्मेट घालून निवांत बसलेला कोळी. खाली एक शब्दही नाही. या पट्ट्यातल्या कारखान्यात आगरी-कोळी पोरापासून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेल्या माणसापर्यंत सगळे एका रांगेत उभे असतात, आणि जाळं कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

यानंतर मंजुरीचा टप्पा येतो, आणि तिथे खरं कसब लागतं. सेफ्टी ऑफिसर हसतात, चित्र वर पाठवतात. वरून निरोप येतो.

“जाळं ठीक आहे हो, पण कोळी काढता येईल का? पेटी कुणी उघडतच नाही असं वाटतंय.”

“सर, चित्र तेच म्हणतंय. कोळी काढला तर नुसती धुळकट पेटी उरेल, आणि धूळ झाडायचं काम हाउसकीपिंगवर जाईल.”

“मग आमच्या खात्याची शोभा होईल ना.”

“होईल, सर. पण शेजारी एक चौकट करू. पेटी आता कँटीनशेजारी हलवली, आठवड्याला उघडणार, असं तुम्ही त्यात छापा. मग लोक म्हणतील, यांना कळलंय.”

असं बोलणं नोकरीतल्या माणसाला सहज करता येत नाही. त्याचं अप्रेझल त्याच साहेबांच्या हातात असतं. फ्रीलान्स चित्रकाराचं फार तर पुढचं काम जाईल. बाहेरचा माणूस असणं ही या धंद्यातली असुरक्षितता आहे आणि तीच त्याची ताकदही आहे. कंपनी त्याला पैसे देते ते रेषेचे, पण तिला खरी गरज असते ती या मोकळ्या जिभेची.

हसू कुणाकडे वळवायचं

या कामाचे काही नियम कुठे लिहिलेले नाहीत, तरी जुने लोक ते पाळतात. शरीर, रंग, बोलण्याची ढब, गाव, जात, बाईपण यांवर हसायचं नाही. वॉचमन आणि ऑफिस बॉय यांना विनोदाचं गिऱ्हाईक करायचं नाही. कुणा खऱ्या माणसाचा चेहरा, अगदी त्याने हौसेने मागितला तरी, व्यंगात ओढताना चारदा विचार करायचा. कपातीच्या महिन्यात कामचुकारांवर चित्र काढायचं नाही. कारखान्यात कुणी जखमी झालं असेल तर तयार चित्रही मागे घ्यायचं, कितीही चांगलं असो.

याचा अर्थ चित्र मिळमिळीत असावं असा नाही. हसण्याजोग्या गोष्टी ऑफिसात भरपूर आहेत: ज्या मीटिंगमध्ये पुढची मीटिंग ठरते ती, पाच सह्यांचा रजेचा अर्ज, स्क्रीनला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला पासवर्ड, ‘तातडीचं’ म्हणून शनिवारी संध्याकाळी येणारा ईमेल. या सगळ्यांत दोष पद्धतीचा असतो, माणसाचा नव्हे. पद्धतीवर रोखलेलं चित्र शिपायापासून संचालकापर्यंत सगळ्यांना हसवतं, कारण तिचा जाच दोघांनाही होतो. अमेरिकेत स्कॉट अ‍ॅडम्स यांनी १९८९ मध्ये ‘डिल्बर्ट’ ही ऑफिसातल्या जगण्यावरची चित्रपट्टी सुरू केली तेव्हा ते एका टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. पुढे पट्टीतच त्यांनी आपला ईमेल पत्ता छापला आणि वाचकांनी आपापल्या ऑफिसातले किस्से पाठवले. लोकांना आपला त्रास कागदावर पाहायचा असतो; तो दिसला की तो आपल्या एकट्याचा नाही हे कळतं.

बोटभर पडद्यावर

हत्यारं बदलली. टाक, काळी शाई, कार्ट्रिज पेपर यांच्या जागी पेन टॅब्लेट आला. कच्चं रेखाटन बरेच जण अजून पेन्सिलनेच करतात, कारण पेन्सिलची रेघ चुकायला घाबरत नाही. मोठा बदल वाचण्याच्या जागेत झाला. छापील गृहपत्रिकेत अर्धं पान मिळायचं. आता वार्तापत्र फोनवर, पनवेल लोकलमध्ये उभ्याने उघडलं जातं. अर्ध्या पानाची गर्दी तिथे चालत नाही. तीन माणसांच्या जागी एक, पूर्ण खोलीच्या जागी टेबलाची एक कड, वाक्याच्या जागी तीन-चार शब्द. रेघ जाड हवी आणि चेहऱ्यावरचा भाव भुवईतच आटोपायला हवा. चित्र नोटीस बोर्डावर मोठं छापून लागणार असेल तर छपाईसाठी फाइल वेगळी, निदान ३०० डीपीआयची. अनुभवी चित्रकार कोटेशन देतानाच विचारून घेतो: चित्र कुठे दिसणार, फोनवर की भिंतीवर?

हिशेबाची बाजू

चित्र काढणं हा अर्धा धंदा. उरलेला अर्धा कागदपत्रांचा. वेंडर म्हणून नोंदणी, पीओ (खरेदी आदेश), इनव्हॉइस, मग पैशांची वाट. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नसते, हे अनेक कंपन्यांच्या खरेदी खात्यांना समजावून सांगावं लागतं. ‘उद्यम’ नोंदणी मात्र प्रत्येक चित्रकाराने करावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदलेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर व्याज लागतं. ‘आमची पेमेंट सायकल ९० दिवसांची आहे’ हे वाक्य त्या कायद्यापुढे टिकत नाही.

दुसरी गोष्ट हक्कांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून मार्चच्या वार्तापत्रासाठी दिलेला कोळी पुढे कॉफी-मग, टी-शर्ट आणि परदेशातल्या शाखांच्या कॅलेंडरवर जाणार असेल, तर त्याचे पैसे वेगळे आणि ते आधी ठरलेले बरे. त्याच कायद्याचं कलम ५७ आणखी मोलाचं: हक्क विकले तरी चित्र आपलं आहे असं सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहतो.

यंत्राने काढलेलं ऑफिस

आता कंपन्यांकडे असं सॉफ्टवेअर आहे जे वाक्य टाकलं की मिनिटभरात ऑफिसचं चित्र देतं. स्वस्त आहे, सुबक आहे, आणि ज्यांना पान भरायचं आहे त्यांचं काम त्यात भागेल. पण ते ऑफिस कुठलंही असू शकतं. पेटी साहेबांच्या दारासमोर आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि कोळी राहू द्या म्हणून ते साहेबांशी वादही घालत नाही. माणसाला पैसे द्यायचे ते या दोन गोष्टींसाठी: जाऊन पाहणं आणि अडून बसणं.

म्हणून ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या कंपन्यांकडे तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात. चित्रकाराला विषय ईमेलवर धाडण्याआधी हेल्मेट देऊन एकदा शॉपफ्लोअरवर फिरवा. चित्र मंजूर करणाऱ्यांत व्यवस्थापनाबरोबर कामगारांचाही एक माणूस बसवा. तो हसला नाही तर बाकीच्यांची सही फुकट आहे. आणि चित्राच्या कोपऱ्यातली चित्रकाराची सही कापू नका. अनामिक चित्राला कामगार कंपनीचं फर्मान समजतो. सही असली की ते एका माणसाने दुसऱ्याला सांगितलेलं होतं, आणि माणसाचं सांगणं माणूस ऐकतो.