मध्यरात्री डेटा येतो कुठून?

रात्रीचे बारा वाजायला एखादं मिनिट असतं. व्हिडिओ अडकलेला, मधलं चक्र नुसतं फिरत असतं. बारा वाजतात आणि तोच व्हिडिओ सुरळीत चालू लागतो. पुसदला काय, पांढरकवड्याला काय, झरी-जामणीकडच्या एखाद्या कोलाम पोडावर काय, रोज दीड जीबीचं रिचार्ज मारलेल्या प्रत्येकाचं हेच. त्या एका क्षणात दीड जीबी कुठून आलं? आणि ज्यांचं जीबीभर शिल्लक होतं, त्यांचं कुठे गेलं?

ते कुठून आलं नाही, कुठे गेलंही नाही. कंपनीच्या कोणत्याही गोदामात डेटा भरून ठेवलेला नसतो. आपण विकत घेतो ती टॉवरशी बोलण्याची पाळी, बेंबळ्याच्या कालव्यावर पाण्याची असते तशी. मात्र कालवा बंद ठेवला तर पाणी धरणात उरतं. टॉवरची न वापरलेली पाळी त्याच क्षणी कायमची विरून जाते.

ही पाळी किती बारीक असते ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. फोर-जी टॉवर आपल्या वाट्याचा लहरींचा पट्टा लहान लहान तुकड्यांत कापतो. पट्टा १० मेगाहर्ट्झचा असेल तर ५० तुकडे. कुठला तुकडा कुणाला द्यायचा, हे तो दर सेकंदाला हजार वेळा नव्यानं ठरवतो. म्हणजे सेकंदाला ५० हजार पाळ्या! त्यांतच कुणाचा व्हिडिओ कॉल, कुणाची ई-पीक पाहणी, कुणाचं वणीच्या बाजारातल्या कापसाच्या भावाचं विचारणं. संध्याकाळी सगळं गाव मोबाईल हातात घेतं तेव्हा या पाळ्या कमी पडतात. पहाटे तीनला त्याच पाळ्या रिकाम्या वाहून जातात आणि टॉवरचा खर्च जवळपास तेवढाच राहतो.

म्हणून रोजची मर्यादा ही मला पैशांइतकीच गर्दीची गोष्ट वाटते. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं तेव्हा नेट फुकट होतं. तोवर एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजून तो महिनाभर पुरवणाऱ्यांना ते स्वप्नच वाटलं. पण फुकटातही रोजची मर्यादा होतीच: आधी ४ जीबी, आणि १ जानेवारी २०१७ पासून १ जीबी. पैसे घ्यायचेच नव्हते, तरी पाळ्या वाटाव्या लागल्या. उलट, २०२१ मध्ये व्होडाफोन-आयडियानं रात्री बारा ते सकाळी सहा डेटा अमर्याद केला. रिकाम्या वाहणाऱ्या पाळ्या देऊन टाकायला हरकत कसली?

‘नेट संपलं’ आपण म्हणतो खरं, पण बऱ्याच प्लॅनमध्ये ते संपत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. हा आकडा पाहिला की मला दर वेळी नवल वाटतं. डिजिटल टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आवाज सेकंदाला ८ हजार वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहितात. गुणाकार करा: बरोबर ६४ हजार बिट! आज ज्याला आपण मेलेलं नेट म्हणतो, त्यात लँडलाइनचा अख्खा कॉल मावतो. दोन एमबीच्या फोटोला त्यातून चार मिनिटं लागतील, पण कापसाच्या भावाची चार ओळींची बातमी सेकंदाच्या आत येईल.

आता अंतराचा खेळ. टॉवरजवळच्या फोनशी एका स्पंदात ६ किंवा ८ बिट बोलता येतात. दूर, टेकडीआडच्या फोनशी दोनच, आणि तेही चूक होऊ नये म्हणून जादा बिटांची जोड देऊन. रिचार्जच्या हिशेबात दोघांचा एक एमबी सारखाच. टॉवरला मात्र शिवारातला तो एक एमबी कितीतरी जास्त पाळ्या खर्चून पोचवावा लागतो. शिवाय लांबच्या फोनचं बोलणं पोचायला उशीर होतो, अगदी मायक्रोसेकंदांचा; तेवढ्यानंही पाळ्या एकमेकींवर आदळतील. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला ‘तू जरा आधी बोल’ असं सांगत असतो. किती आधी? साधारण ७८ मीटरच्या पायऱ्यांनी मोजून. धुऱ्यावरचा फोन आणि घरातला फोन यांना तो वेगवेगळी वेळ देतो, आणि दोघांना त्याचा पत्ताही नसतो.

फाइव्ह-जी अनलिमिटेड देणं कंपन्यांना परवडतं, कारण तिथला पट्टा कितीतरी रुंद आहे. तरी जुलै २०२४ पासून जिओनं ते रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतंच ठेवलं. शिवाय त्या रुंद पट्ट्याच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींइतक्या लांब जात नाहीत. भिंती आणि झाडोरा त्यांना लवकर अडवतात. अनलिमिटेड हा शब्द यवतमाळ शहरात आणि टिपेश्वरच्या जंगलाकडेच्या गावात रिचार्जवर एकसारखाच छापलेला असतो, पण लहरी दोन्हीकडे सारख्या पोचत नाहीत.

त्यावर उपाय जवळच्या टॉवरचाच. केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये देशातल्या २४,६८० गावांत फोर-जी पोचवण्याची योजना मंजूर केली, काम बीएसएनएलकडे दिलं. लांबच्या टॉवरवर कशीबशी रेंज पकडणाऱ्या पोडाजवळ त्याच कंपनीचा नवा टॉवर उभा राहिला, तर तिथल्या पोरांना नेट मिळेलच. शिवाय जुन्या टॉवरच्या त्यांच्यावर खर्च होणाऱ्या कितीतरी पाळ्या मोकळ्या होतील, आणि त्या टॉवरखालच्या गावातला संध्याकाळचा व्हिडिओही कमी अडकेल.