गिझर : दुरुस्त करावा की मोडीत काढावा?

नांदेड-लातूरकडील जुन्या वाड्यांतून न्हाणीघराच्या तोंडाशी जो तांब्याचा बंब असे, त्याचे आयुष्य घरातील माणसांच्या आयुष्याहून दीर्घ असावयाचे. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या जाळाने त्याचे बूड झिजले की तांबट ते झाळून देई, तोटी गळू लागली की नवी बसे, आणि पुढे केव्हातरी तो विकावयास काढलाच, तर तांब्याची मोड म्हणून चार पैसे उलट पदरात पडत. त्याच्या जागी आलेल्या विजेच्या गिझरची गोष्ट निराळी आहे. तो बिघडला म्हणजे मिस्त्री ‘आता नवाच घ्या’ म्हणतो, घरातील वडीलधारी मंडळी ‘आहे तोच दुरुस्त करा’ असा आग्रह धरतात, आणि कोणत्या पुराव्यावर निकाल द्यावा, हे कुटुंबप्रमुखाला उमगत नाही.

आपल्या भागात या प्रकरणातील पहिला आरोपी म्हणजे पाणी. नांदेड शहराला गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पाचा आणि लातूरला मांजरा धरणाचा आधार असला, तरी धरणे आटल्यावर काय अवस्था होते, हे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या ५ लक्ष लिटर पाण्याच्या पहिल्या रेल्वेगाडीने साऱ्या देशाला दाखविले. नळाचा भरवसा नाही म्हणून घरोघर बोअर घेतली गेली. आणि बेसाल्टच्या खडकात मुरलेले हे पाणी बहुधा कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड झालेले असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठिणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. असे दुष्फेन पाणी तापविले म्हणजे त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचे अविद्राव्य कार्बोनेट, म्हणजे साध्या भाषेत चुनखडी, बनते आणि जेथे उष्णता सर्वाधिक तेथेच, म्हणजे कॉईलवर, ती धरते.

बोअरच्या पाण्यावर काही वर्षे चाललेल्या गिझरचे झाकण मिस्त्री उघडतो, तेव्हा बोटाएवढी असलेली कॉईल मनगटाएवढी फुगलेली दिसते. पांढरट, खरबरीत असा तो थर पेचकसाने टोकरला की त्याच्या खपल्या निघतात, आणि टाकीच्या तळातून ओंजळभर कपची बाहेर येते. या थरामुळे कॉईलची उष्णता पाण्यात वेळेवर उतरत नाही. ती स्वतःच अतितप्त होऊन चिरते किंवा जळते. पाणी तापताना गिझरमधून तडतड ऐकू येते, ती या रोगाची पूर्वसूचना होय. वास्तविक २५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर नेण्यास सुमारे १ युनिट वीज पुरते, आणि २००० वॉटची कॉईल हे काम अर्ध्या तासात करते. याहून फार विलंब होऊ लागला किंवा पाणी कोमटच राहू लागले, तर तपासणीस मुहूर्त पाहू नये.

आता निकालाचे कलम. कॉईल, थर्मोस्टॅट, झाकणाखालचे रबरी गॅस्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि वायर हे सारे बदलता येण्याजोगे जिन्नस आहेत; त्यांच्या बिघाडासाठी सबंध गिझर बडतर्फ करण्याचे कारण नाही. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना पडणारे थेंब तर पुष्कळदा बिघाडही नसतो, कारण तापलेले पाणी प्रसरण पावते आणि त्याला वाट हवी असते. परंतु खुद्द टाकीच जोडाजवळ किंवा बुडाशी पाझरू लागली, अथवा केवळ गरम नळालाच तांबूस गंजाचे पाणी येऊ लागले, तर तेथे डागडुजी व्यर्थ होय. दाबाखालील टाकीला लावलेले लुकण टिकत नाही, आणि पाणी विजेच्या जोडणीपर्यंत पोचले तर प्राणाशी गाठ पडते. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर मात्र कोणतीही चर्चा न करता मेन स्विच बंद करावा आणि कॉईल व अर्थिंग दोन्ही जाणकाराकडून तपासून घ्यावी.

टाकी धड असूनही प्रश्न उरतो तो जमाखर्चाचा. गिझर ८-१० वर्षांचा झाला असेल आणि दुरुस्तीचा अंदाज नव्याच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे जात असेल, तर नवा घेणे शहाणपणाचे. त्याहून तरुण असेल, तर प्रथम हमीपत्र काढून वाचावे, कारण टाकीच्या हमीची मुदत बहुधा इतर भागांहून अधिक असते.

तथापि पाणी तेच ठेवून गिझर तेवढा बदलणे म्हणजे रोग ठेवून रोगी बदलणे होय. म्हणून नवा घेताना काचेच्या मुलाम्याची टाकी आणि सहज उघडता येणारे झाकण पाहावे. अशा टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा स्वतः झिजून पोलादाचे रक्षण करीत असतो, तो वर्षातून एकदा तपासून, संपला असल्यास बदलावा. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नेऊ नये, कारण त्यापुढे क्षार झपाट्याने धरतात. पाणी मृदू करणारे यंत्र बसविता येते, पण त्याला मीठ लागते आणि ते धुण्यात पाणीही खर्ची पडते, याचा लातुरकरांनी आधी हिशेब करावा. गच्चीवरील सौर बंबालाही या क्षारांपासून अभय नाही. त्याच्या काचेच्या नळ्या मात्र एकेक करून बदलता येतात, ही सोय मोठी.

तेव्हा वाचकांस विनंती इतकीच, की दर वर्षी दिवाळीच्या सुमारास, थंडी पडण्यापूर्वी, वीज बंद करवून टाकी रिकामी करावी, कॉईलवरचे क्षार लिंबूसत्वाच्या पाण्याने काढवून घ्यावेत, आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरल्याखेरीज स्विच लावू नये. या एका दिवसाच्या तसदीने गिझरची पुष्कळ वर्षे वाचतात.