खुंटाची वंशावळ
वरूड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंतच्या संत्राबागा विदर्भाचे वैभव खरेच, पण आनुवंशिक विविधतेच्या हिशेबात त्या गरीबच. पिढ्यान्‌पिढ्या डोळा भरून वाढवलेली ही झाडे एकमेकांची भावंडेही नव्हेत. जवळजवळ एकाच झाडाच्या त्या प्रती आहेत. लिंबूवर्गाने वर्गीकरणकारांनाही चकवले. स्विंगल यांनी या वर्गात १६ जाती मोजल्या, तानाका यांनी १६२. पानाफुलांवरून न मिटणारा हा वाद मॉलिक्युलर मार्करनी, म्हणजे डीएनएमधल्या खुणांनी, बराचसा मिटवला. पपनस, महाळुंग आणि मूळ संत्रे ही या घराण्याची मुख्य मुळे. मोसंबी पपनस-संत्र्याच्या संकरातली. आणि विदर्भात खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर डोळा भरतात ते खालचे झाड म्हणून, लावतात ती जंबेरी व रंगपूर लिंबू, दोन्ही संत्रे आणि महाळुंगाची लेकरे. म्हणजे जंबेरी सोडून रंगपूर धरणारा बागायतदार नाव बदलतो, घराणे नाही. मार्करचा खरा उपयोग म्हणूनच फळापेक्षा खुंटासाठी आहे, असे मला वाटते.

जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन रोपे उगवतात. बहुतेक आईच्याच पेशींतून आलेली, म्हणजे हुबेहूब आई. एखादे मात्र परागातून. एसएसआर या मार्कर-तंत्रात डीएनएमधली दोन-तीन अक्षरी तुकडी लागोपाठ किती वेळा आली ते पाहतात आणि त्या लांबीनुसार जेलवर पट्ट्या उमटतात. आईकडे नसलेली पट्टी रोपात दिसली, की ते परके. नर्सरीवाले म्हणतील, वेगळी रोपे आम्ही नजरेनेच उपटतो. बाप त्रिपर्णी संत्रे असेल तर ते खरे, कारण तीन पानांचे लक्षण प्रभावी असते आणि लगेच दिसते. जंबेरीवर शेजारच्या लिंबाचाच पराग पडला, तर अशी खूण मिळेलच असे नाही.

बाजाराला एकसारखे फळ हवे, मग विविधता कशाला, हा आक्षेप वरच्या फांदीपुरता मान्य. जमिनीखाली तो महागात पडतो. ब्राझीलमध्ये आंबट संत्र्याच्या खुंटावरची लाखो झाडे ट्रिस्टेझा विषाणूने गेली. मग बहुतेक बागा रंगपूर लिंबावर आल्या, आणि २००० च्या सुमारास त्याच खुंटावरची झाडे ‘सडन डेथ’ने मरू लागली. एकच खुंट सोडून पुन्हा एकच खुंट धरला, एवढेच झाले होते.

मार्कर गुण सांगत नाहीत, नाते सांगतात, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. एसएसआरला व्हॅलेन्शिया, नेव्हल आणि लालगराची संत्री सारखीच दिसतात, जरी एका उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्याने शेवटच्याचा रंग पालटलेला असतो. सख्ख्या नात्यातही फरक असतोच: रंगपूर लिंबू पाण्याचा ताण जंबेरीपेक्षा बरा सोसते. म्हणून बागेतली चाचणी टळत नाही. पण चाचणीला कोणती झाडे घ्यायची, ते वंशावळ सांगते. डिंक्या रोगाला दाद न देणारे त्रिपर्णी संत्रे दूरच्या घराण्यातले. मात्र विदर्भाच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात. तेव्हा त्याचे संकरच करून पाहावे लागतील, आणि शेकडो रोपांतून खरा संकर कोणता हे ठरवायला पुन्हा तीच पट्टी लागेल.