फ्रेंच वाचता येते, बोलता का येत नाही?

वडोदऱ्याचे फतेगंज ही एके काळची लष्करी छावणी. विद्यापीठाला लागून असलेल्या या वस्तीत मराठी मनुष्य घरी मराठी, बाजारात गुजराती आणि कचेरीत इंग्रजी सहज बोलतो. परंतु हाच मनुष्य चाळिशी उलटल्यावर हौसेने फ्रेंच शिकू लागला की त्याची मोठी कुचंबणा होते. पुस्तकातला धडा समजतो, क्रियापदांची रूपे पाठ होतात, आणि समोर बोलणारा कोणी आला की शब्द ओठांतच अडतात. ‘आता वय झाले’ असे म्हणून तो स्वतःची समजूत घालतो. पण हे निदान खरे आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर वडोदऱ्याच्याच इतिहासात सापडते. अरविंद घोष सातव्या वर्षी, १८७९ साली, इंग्लंडला गेले आणि १८९३ मध्ये परत येऊन बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच या भाषांचे त्यांचे अध्ययन उत्तम होते. पुढे बडोदा कॉलेजात त्यांनी फ्रेंच शिकविलेही. पण स्वतःची मायबोली बंगाली मात्र त्यांना बालपणी लाभली नव्हती. ती त्यांनी येथे प्रौढ वयात कमावली. बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या वाचण्याइतकी प्रगती झाल्यावरही बोलण्याची सवय उरलीच होती. तेव्हा १८९८ साली दिनेंद्रकुमार राय हे बंगाली लेखक त्यांच्याकडे राहावयास आले. तेथे रीतसर पाठ थोडे आणि सहवास फार, असा क्रम होता. पुढे १९०९ मध्ये याच अरविंदांनी ‘धर्म’ हे बंगाली साप्ताहिक चालविले. एवढ्या मोठ्या भाषापंडितालाही बोलण्यासाठी ग्रंथ पुरला नाही, माणूस लागला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

वाचन हे डोळ्यांचे काम आहे; बोलणे हे कान, जीभ आणि ओठ यांचे. एकाचा सराव दुसऱ्याच्या कामी आपोआप येत नाही. फ्रेंचमध्ये तर लेखन व उच्चार यांत बरेच अंतर आहे. शब्दाच्या शेवटी लिहिलेली व्यंजने पुष्कळदा उच्चारली जात नाहीत; पण पुढच्या शब्दाच्या आरंभी स्वर आला की तीच जागी होतात. ‘ले’ हा अनेकवचनी शब्द आणि ‘आमी’ म्हणजे मित्र. दोन्ही एकत्र आले की ‘लेझामी’ असे ऐकू येते. त्यातला झ ‘माझा’ या शब्दातल्यासारखा. कानाला याची सवय नसेल, तर ओळखीचे शब्दही अनोळखी वाटतात.

मराठी माणसाला काही गोष्टी अनुकूलही आहेत. नामांना लिंग असते याचे त्याला नवल वाटत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला मानाचा भेद फ्रेंचमध्येही आहे. ऐंशीला फ्रेंच मनुष्य ‘चार वीस’ म्हणतो. आपल्या खेड्यांतही विसाविसांनी मोजण्याची रीत होतीच. मात्र फ्रेंच ‘तू’चा स्वर मराठीत नाही. जीभ ‘ई’च्या जागी ठेवून ओठ ‘ऊ’सारखे गोल करावे, तेव्हा तो उमटतो. मराठी वळणाने ‘तू’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला ‘सर्व’ या अर्थाचा वेगळाच शब्द ऐकू येतो. अशी चूक पुस्तक दाखवीत नाही. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ती तत्काळ दिसते.

आणि नेमका तो चेहराच प्रौढाला नकोसा असतो. लहान मूल दिवसाकाठी शंभर चुका करते व हसणाऱ्यांबरोबर स्वतःही हसते. चार माणसांत मान मिळविलेल्या गृहस्थाला मात्र एक चूकही जड जाते. खरी अडचण बहुधा वयाची नसून या संकोचाची असते.

म्हणून ‘यंदा फ्रेंच सुधारायचे’ एवढा मोघम संकल्प उपयोगी पडत नाही. तो लहान आणि मोजता येण्याजोगा असावा. रोज पंधरा मिनिटे एखादा उतारा ऐकावा व मोठ्याने म्हणावा. आठवड्यातून दोनदा एखाद्या सोबत्याशी केवळ फ्रेंचमध्ये बोलावे. विषय घरचेच असावेत: आज काय शिजले, कोण भेटले, पाऊस पडला की नाही. सोबत्याने मध्येच अडवू नये; बोलणे संपल्यावर दोन-तीन चुकाच सांगाव्यात. शब्द आठवला नाही, तर इंग्रजीकडे न धावता तीच गोष्ट सोप्या शब्दांत फिरवून सांगावी.

फतेगंजच्या बाजारात भाजी घेताना मराठी गृहिणीने गुजराती अशीच आत्मसात केली. तिने व्याकरण उघडले नाही, परीक्षा दिली नाही. भाव विचारला, चुकली, भाजीवाली हसली, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच गाडीपाशी गेली. फ्रेंच बोलू इच्छिणाऱ्याने संकल्प करावयाचा तो याच पुन्हा जाण्याचा.